सहावं पाकीट

१

"काय गेलं ते विचारत बसू नका, बाई. उरलं काय ते बघा. गेलेलं बोलत नाही, उरलेलं बोलतं."

हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममध्ये नोकरीला लागली, त्या पहिल्याच दिवशी आत्याला तिथल्या मोठ्या साहेबांनी हे सांगितलं होतं. साहेबांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि आत्या निवृत्त होऊन चार. पण भाचीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि साहेबांचा तो घोगरा आवाज कानाशी आला.

बिट्टी पलंगाच्या कडेला बसली होती. पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. समोर दोन बॅगा आ वासून पडलेल्या, आणि मधोमध निळी फाइल. परवा दुपारचं विमान. परदेशातल्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती, तीही शिष्यवृत्तीसकट. आणि तिथे नेऊन द्यायची सगळी सीलबंद पाकिटं फाइलीतून नाहीशी झाली होती.

ही पाकिटं म्हणजे काय ते बिट्टीने महिनाभर घरातल्या प्रत्येकाला घोकून घोकून सांगितलं होतं. कॉलेजने दिलेले गुणांचे दाखले, शिक्षकांची शिफारसपत्रं, तब्येतीच्या तपासणीचा अहवाल. देणाऱ्याने सील करायचं आणि तिथल्या टेबलावरच फोडायचं. इथे कुणी चुकून उघडलं, की कागद मेला. नवी मागवायची तर कॉलेज तीन आठवडे लावतं, आणि प्रवेशाची मुदत नऊ दिवसांवर आलेली. म्हणजे पाकिटं सापडली नाहीत तर जागा गेली, आणि अशी जागा दुसऱ्यांदा चालून येत नाही.

"किती होती?" आत्याने विचारलं.

"सहा."

"यादीत पाच आहेत," दाराशी उभा असलेला दादा म्हणाला. हा बिट्टीचा थोरला भाऊ, एका कंपनीची व्हॅन चालवायचा. "गणितात शिष्यवृत्ती मिळाली म्हणे हिला."

"सहाच होती. काल मोजली मी."

भिंतीवर बिट्टीच्या हातची यादी चिकटवलेली होती. आत्याचा स्वतःचा चष्मा घरी राहिला होता. तिने मागे वळून भावजयीला म्हटलं, वहिनी, बघ गं जरा, सहावं काही लिहिलंय का. वयाने बारा वर्षांनी लहान असली तरी धाकट्या भावाची ही बायको तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून वहिनीच होती. वहिनी म्हणाली, माझाही चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, अन् तिने बिट्टीला हाक मारली. बिट्टीने यादी वाचली. पाचच होती.

मग आत्याने उरलेलं बघितलं. पासपोर्ट त्याच्या कव्हरात, आत व्हिसा. आठ फोटो. सोनेरी शिक्का असलेलं पदवीचं प्रमाणपत्र. फाइलीचं इलॅस्टिक नीट जागच्या जागी बसवलेलं.

कुलूप शाबूत, खिडकीला गज. दुपारी बारानंतर बिट्टी लायब्ररीची पुस्तकं परत करायला गेली आणि चारला आली, तेवढ्यात काय ते झालं. चोर बाहेरून आला नव्हता. तो घरातलाच होता, नाहीतर चहा पिऊन गेलेला.

२

चहा पिऊन गेलेले दोघे होते. पहिली लंबी.

लंबी म्हणजे बिट्टीची बालवाडीपासूनची मैत्रीण. उंचीवरून पडलेलं नाव तिने स्वतःच इतकं लावून घेतलं होतं की शिक्षकही तिला त्याच नावाने हाक मारत. दोघींनी एकाच विद्यापीठात अर्ज केला होता. एकीला होकार आला, एकीला नकार. ती दुपारी एकला बॅगांचं वजन करायला आली होती आणि तासभर त्या खोलीत एकटी होती. दादाने तेवढ्यावरूनच निकाल लावला होता आणि फोनवर तिला नको ते बोलूनही बसला होता.

आत्या तिच्या घरी गेली तेव्हा ती जिन्यात बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"हेवा वाटतो मला, आत्या. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस वाटतो. पण हेवा करायला तरी ती तिथे पोचायला हवी ना? इथेच राहिली तर मी कुणाचा हेवा करू?"

आत्याला हसू आलं आणि त्याच क्षणी गलबलूनही आलं. तिने लंबीला विचारलं, फाइल पाहिलीस का? लंबी म्हणाली, पाहिली, बॅगेवरच होती, मी ती उचलून पलंगावर ठेवली. मग मान खाली घालून तिने कबूल केलं की पासपोर्ट काढून व्हिसाचं पान उघडून बघितलं. बोट फिरवलं त्यावरून. परत ठेवला.

"आणि पाकिटं?"

"होती. जाडजूड गठ्ठा होता. वरच्यावर तपासणी केंद्राची दोन, एका रबरात."

आत्याने पुन्हा विचारलं. लंबीने पुन्हा तेच सांगितलं. तब्येतीच्या तपासणीची पाकिटं दोन होती.

आता एका मुलीची तपासणी एकदाच होते. मग दुसरं पाकीट कुणाचं?

३

दुसरे होते कोपऱ्यावरचे मास्तर. बिट्टीला त्यांनी शाळेत शिकवलेलं, आणि एक शिफारसपत्रही त्यांचंच. दुपारी दोनला ते येऊन गेले होते. वहिनी सांगत होती, मास्तर पाणी प्यायले, दोनदा बिट्टीच्या खोलीकडे बघितलं आणि काही न बोलता उठले.

आत्याने विषय काढताच मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. आढेवेढे न घेता त्यांनी मान्य केलं: ते पत्र परत मागायलाच गेले होते. स्तुती चार ओळी लिहिली आणि पाचव्या ओळीत हात वाहवला. ही मुलगी घराला फार धरून आहे, एकटी तग धरेल की नाही याची मला शंका वाटते, असं लिहून बसले होते. महिनाभर ती ओळ खुपत होती.

"मुलगा माझा गेला होता ना परदेशात शिकायला. चार महिन्यांत परत आला. तेव्हापासून बोलत नाही फारसा. बिट्टीबद्दल लिहायला बसलो आणि लिहिलं त्याच्याबद्दल. पण विचारायचं धाडस झालं नाही हो. वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून तर मुळीच नाही."

"का? चेहऱ्याला काय झालं होतं?"

मास्तर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. फोनवर बोलून आल्या होत्या. कुणीतरी काठावरून पाण्यात ढकलल्यासारखा चेहरा होता. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पेला आणायचं विसरल्या.

आत्या परत निघाली. वाटेत तिने मनाशी हिशेब मांडला. मास्तरांना एकच पाकीट हवं होतं. त्यांनी नेलं असतं तर तेवढंच नेलं असतं. आपलं अक्षर कुणाला ओळखू येत नाही?

आणि इथे तिची पावलं थबकली. तपास आतापर्यंत चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत होता: कुणी नेली हे नव्हे, सगळीच का नेली हे विचारायला हवं होतं.

४

घरी दादा पायरीवर बसून बॅगेचं तुटलेलं चाक बसवत होता. आत्याने त्याला काही विचारण्याआधीच तो म्हणाला, माझ्यावरही संशय घे, घ्यायलाच हवा. बाबा गेले तेव्हा मी शिक्षण सोडलं. मागच्या आठवड्यात तिला म्हणालोही, नको जाऊस, आईला एकटं वाटेल. रागाच्या भरात म्हणालो. पण पाकिटं मी घेतली नाहीत.

"आई बरी आहे ना रे?"

"बरी आहे की. कामं जरा कमी केलीत. नव्या ऑर्डरी घेत नाही. बिट्टी गेली की बघू म्हणते."

वहिनी पडदे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीलगत गिऱ्हाइकांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. कुठे लाल, कुठे लाल-पिवळा, एकाला बटण ओवलेलं. नावाची चिठ्ठी एकालाही नाही. आत्याने हे गठ्ठे गेली वीस वर्षं बघितले होते आणि वहिनीची हौस म्हणून सोडून दिले होते.

वहिनी खिडकीशी बसली होती. अंगावरच्या कपड्याच्या बाह्या सैल झालेल्या. आत्या समोर टेकली आणि इकडचं तिकडचं बोलू लागली: विमानतळावर कोण कोण जाणार, बिट्टीला तिथे थंडी सोसेल का. वहिनी उत्तरं देत होती. बोलता बोलता तिने रिळाचा दोरा तोडला, ओठांत धरून ओला केला आणि सुईत ओवला. बारीक सुई, पांढरा दोरा. एका फटक्यात. चष्मा नव्हता.

आत्या उठून दाराशी गेली आणि दादाला हाक मारली.

५

तिने दादाला लंबीकडे पाठवलं. माफी माग आणि तिला घेऊनच ये, म्हणाली. बिट्टीला त्याच्याबरोबर लावून दिलं. दार लोटलं आणि पुन्हा वहिनीसमोर येऊन बसली.

"वहिनी, मला जे कळलंय ते सांगते. चुकलं तर थांबव."

मशीनचं चाक फिरत राहिलं.

आत्या हळू आवाजात बोलत होती. ज्याला बिट्टीला अडवायचं होतं त्याने पासपोर्ट नेला असता. तो हातात येऊनही जागेवर ठेवला गेला. म्हणजे तिचं जाणं कुणाला नको होतं असं नाही. पाकिटं पाच हवीत, होती सहा. लंबीने केंद्राची दोन पाहिली. म्हणजे एक पाकीट बिट्टीचं नव्हतंच. केंद्रावर आडनाव सारखं, पत्ता सारखा, म्हणून कुणीतरी दोन्ही तिच्या हातात दिली आणि तिने घाईत न बघता फाइलीत सरकवली. नेणाऱ्याला तेवढं एकच हवं होतं.

"मग पाच जास्तीची का नेली? वर नावं छापलेली असतात. घाई असती तर म्हटलं असतं, सापडेल ते उचललं. पण घाई नव्हती. इलॅस्टिक नीट लावलं होतं. दुपार होती, भरपूर उजेड होता. फोटो ठेवले, पासपोर्ट ठेवला, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र ठेवलं. नुसतं बघून जे ओळखता येतं ते सगळं ठेवलं. आणि वाचल्याशिवाय जे ओळखता येत नाही ते सगळं नेलं."

चाक थांबलं.

"सुईत दोरा ओवायला तुला चष्मा लागत नाही, वहिनी."

वहिनीने हातातल्या पडद्याची दुमड बोटाने सरळ केली. मग म्हणाली, तुमच्या भावाला माहीत होतं, वन्सं. लग्नानंतर आठच दिवसांत कळलं त्यांना. कुणाला बोलले नाहीत. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, मला सवयच आहे.

आत्याने डोळे मिटले. त्या सवयीवरून तिने भावाला आयुष्यभर चिडवलं होतं. साऱ्या गल्लीला बातम्या फुकट ऐकवतो म्हणायची. तो नुसता हसायचा.

वहिनी उठली. दोन रंगांचा दोरा बांधलेल्या एका गठ्ठ्यात हात घालून तिने सहाच्या सहा पाकिटं काढली. एकही सील फुटलेलं नव्हतं.

"सही येते मला. पण ती नक्षीसारखी पाठ केलेली आहे. छापील अक्षरांत माझं नाव कसं दिसतं ते ठाऊक नाही. आणि बिट्टीने सांगितलेलं, उघडलं की कागद मेला. तिचं एकही पाकीट मरायला नको होतं. म्हटलं, बाजारात कुणा अनोळखी माणसाला दाखवून माझं तेवढं वेगळं काढीन आणि तिची संध्याकाळच्या आत परत ठेवीन. ती लवकर आली."

"तुझ्या पाकिटात काय आहे, वहिनी?"

६

पडदे पोचवायला जाते सांगून तिने केंद्रात तीन खेपा घातल्या होत्या. बिट्टीच्या तपासणीला सोबत गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हिचा खोकला ऐकून हिलाच थांबवून घेतलं होतं. मग मोठी तपासणी, मग तपासायला एक तुकडा काढून पाठवलेला. त्या दुपारी तिने निकालासाठी फोन केला तर तिकडून उत्तर आलं, तुमच्या मुलीकडे दिला की.

आत्याचा चष्मा अजून घरीच होता. वहिनीने नवऱ्याचा जुना चष्मा आणून दिला; त्यातून पुरेसं दिसत होतं, आणि आत्याने तिचं नाव असलेलं पाकीट वेगळं काढून फोडलं. रेकॉर्डरूममध्ये तीस वर्षांत असे कागद तिच्या हातून हजारोंनी गेले होते. त्यातला एकही तिने कुणाला मोठ्याने वाचून दाखवला नव्हता.

तिने वाचलं. सावकाश, एकेक शब्द. अवघड शब्दाचा अर्थ सांगत. गाठ कुठे आहे, केवढी आहे, आणखी कुठे कुठे पोचली आहे. शेवटी सही, तारीख.

वहिनी ऐकत होती, पोथी ऐकावी तशी, हात मांडीवर ठेवून. वाचून संपलं तेव्हा म्हणाली, "सगळं वाचलंत ना? मधलं काही सोडलं नाहीत?"

आत्या कागदाची घडी घालू लागली.

"तुमचे डोळे एका ठिकाणी थांबले होते. खालून तिसऱ्या ओळीत. अक्षरं येत नाहीत मला, पण वाचणाऱ्याचे डोळे वाचता येतात. चाळीस वर्षं तेच करत आलेय."

तेव्हा आत्याने ती ओळही वाचली. उपचारांचा उद्देश यापुढे त्रास कमी करणे इतकाच राहील.

वहिनीने मान हलवली. पदराने पाकिटावरची न दिसणारी धूळ पुसली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वहिनीच उठून तिला पाणी घेऊन आली.

मग दोघींचं बोलणं झालं, फार वेळ, खालच्या आवाजात. वहिनीचं म्हणणं एकच होतं. बिट्टीला कळलं तर ती जाणार नाही, आणि ती गेली नाही तर मी रोज तिच्याकडे बघत मरेन. आत्याला हे पटत नव्हतं. लेकीला कळायचा हक्क आहे, ती म्हणाली. पुढे ती आपल्याला काय म्हणेल? पण ज्याचा कागद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही, हा रेकॉर्डरूमचा नियम तिच्या हाडामासात भिनला होता. आणि कागद वहिनीचा होता.

"लपवणार नाही मी तिच्यापासून," वहिनी शेवटी म्हणाली. "मीच सांगेन. पण फोनवर नाही जमणार, माझा आवाज फुटेल आणि ती पहिल्या विमानाने परत येईल. मी तिला लिहीन. वाचता येतं हे खोटं इतकी वर्षं चालवलं, तेही लिहीन, आणि हेही. दोन्ही एकदम. तिने काय करायचं ते मग ती ठरवेल. मला शिकवा, वन्सं. पुस्तकभर नको. एका पत्रापुरतं."

आत्याने तिचा हात हातात घेतला आणि हो म्हटलं.

७

पाच पाकिटं आत्याने स्वतः बिट्टीच्या हातात दिली. दारात दादा आणि लंबी उभे होते. दादाचे कान लाल होते आणि लंबी त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती, म्हणजे समेट झाला होता. बिट्टीने पाकिटं छातीशी धरली. कुठे सापडली, कुणी घेतली होती, हे तिने विचारलंच.

"कुणी चोर नव्हता. एवढ्यावर माझ्यावर विश्वास ठेव."

"आणि सहावं?"

"ते तुझं नव्हतंच, बाळा. चुकून तुझ्याकडे आलं होतं. ज्याचं होतं त्याला पोचलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी ते सांगून होताच आत्या निळी फाइल आवरायला वळली. मास्तरांच्या त्या ओळीचंही ती काही बोलली नाही. पोरगी तग धरेल की नाही हे आता ती ओळ ठरवणार नव्हती.

विमानतळावर वहिनी रडली नाही. तिने बिट्टीच्या खांद्यावरचा पट्टा दोनदा सैल केला, दोनदा घट्ट केला. बिट्टी म्हणत राहिली, आई, पोचले की फोन करते, तू डोळे तपासून घे एकदा. वहिनी म्हणाली, घेते. काचेपलीकडे बिट्टी दिसेनाशी झाली तरी वहिनी आणि आत्या तिथेच उभ्या होत्या. शेवटी दादाच म्हणाला, चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आत्या देवापुढे उभी राहिली. रोजचं सगळं म्हणून झालं आणि मागायची वेळ आली तेव्हा तिला काय मागावं ते सुचेना. तीस वर्षं कागद हाताळलेल्या बाईला चमत्कार मागायची लाज वाटली. तिने दिवस मागितले. फार नाही, अक्षरांपुरते. लहान मुलाला लिहायला शिकायला वर्ष लागतं. वहिनी हाताने हुशार होती; तिला कमी लागतील. किती कमी, याचा विचार तिने तिथेच थांबवला.

दवाखान्याची वेळ अकराची होती. त्याआधी दोन तास मिळत होते. वाटेतल्या दुकानातून तिने दुरेघी वही घेतली आणि मऊ शिशाच्या दोन पेन्सिली. दुकानदाराने विचारलं, नात शाळेत जायला लागली वाटतं? आत्या म्हणाली, आजच पहिला दिवस आहे. वही पिशवीत कोपरे दुमडणार नाहीत अशी उभी ठेवून ती वहिनीच्या घराकडे चालू लागली.